न जुळलेली मागणी कुठे जाते? भंडारदऱ्याच्या काठाने एक इतिहास

मे सरत आला की भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचे हिरडे, बेहडे, सादडे आणि जांभळी रात्री लुकलुकू लागतात. एखादा वळीव झाला की काजव्यांचा बहर वाढतो आणि मृगाच्या पावसाने जोर धरला की तो ओसरतो. जेमतेम काही आठवड्यांचा हा खेळ. त्या आठवड्यांतल्या प्रत्येक शनिवारी मुंबई, पुणे आणि नाशिकहून आलेल्या गाड्यांची रांग लागते.

या दिवसांत शेंडी, घाटघर किंवा रतनवाडीतल्या कोणाही तंबूवाल्या तरुणाचा फोन पाहावा. एका बाजूने मागण्या येत असतात: चार माणसे, एक रात्र, जेवणासह. दुसऱ्या बाजूला त्याचे देणे मांडलेले असते: पाण्याकाठी जागा, रात्री पिठलं-भाकरी, सकाळी चहा-पोहे. मधला पडदा दोघांची गाठ घालतो आणि त्याबद्दल आपली दलाली कापून घेतो. शनिवारी तंबू थोडे आणि माणसे फार, म्हणून भाव चढतो. मंगळवारी तेच तंबू वाऱ्यावर फडफडत रिकामे उभे असतात.

ज्याला शनिवारी जागा मिळाली नाही, त्याचे काय झाले? पडद्यावर त्याचा मागमूस राहत नाही. तो दुसरीकडे गेला असेल किंवा घरीच राहिला असेल. काजव्यांच्या बाबतीत याने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण हाच प्रश्न भात, पाणी आणि मजुरी यांच्या बाबतीत विचारला, की तो जिवावर येतो. भंडारदऱ्याच्या परिसराने तो गेली दीडशे-दोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारलेला आहे.

'हवे' आणि 'आहे' यांची गाठ घालण्याची कल्पना संगणकाने आणली, असा एक समज आहे. ती बरीच जुनी आहे. फ्रेंच लेखक मोंतेन याने १५८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांपैकी एकात आपल्या वडिलांची एक इच्छा नोंदवून ठेवली आहे. प्रत्येक शहरात एक ठरलेली जागा असावी. गरजवंताने तिथे जावे आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आपली गरज लिहून घ्यावी. कोणाला मोती विकायचे असतील, कोणाला घ्यायचे असतील. कोणाला पॅरिसच्या वाटेवर सोबत हवी असेल. कोणाला चाकर, तर कोणाला धनी.

मोंतेनला ही कल्पना का महत्त्वाची वाटली, हे त्याहून लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या काळातले दोन थोर विद्वान, एक इटलीत आणि एक जर्मन मुलखात, पोटभर अन्नावाचून मेले. त्यांची अवस्था ठाऊक असती तर त्यांना आनंदाने घरी नेणारे हजारो लोक होते, असे त्याचे म्हणणे. देणारे होते, मागणारे होते, नोंद नव्हती. पुढे १६३० च्या सुमारास थिओफ्रास्त रेनोदो नावाच्या एका वैद्याने पॅरिसमध्ये अशी कचेरी खरोखरच उघडली. नोंदीला अल्प शुल्क आणि गरिबाला माफी. फ्रान्सचे पहिले मोठे साप्ताहिक वृत्तपत्र काढणारा गृहस्थही हाच.

भंडारदऱ्याच्या मुलखात अशी कचेरी नव्हती. तिथे सावड होती.

सावड म्हणजे श्रमांची परतफेड. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. माणसाला माणूस, औताला औत, दिवसाला दिवस. महाराष्ट्रात याची नावे आणि रीती पुष्कळ आहेत. कुठे पैरा म्हणतात, कुठे वारंगुळा. एकाच दिवशी साऱ्यांना बोलावून काम उरकायचे आणि त्यांना जेवू घालायचे, ती इर्जिक. शेजारच्या जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरात उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याच्या सामूहिक कामाला पडकई हे नाव आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांची भातशेती अशा देवघेवीशिवाय उभीच राहिली नसती.

याचे कारण भाताच्या स्वभावात आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागताच त्यात बी पेरायचे, रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. याला आवणी म्हणतात. रोप जून झाले की फुटवे कमी येतात, पीक घटते. त्यामुळे साऱ्या गावाला त्याच पंधरवड्यात माणसे हवी असतात. गावातली माणसे मात्र तेवढीच. आज मोकळा असलेला हात डब्यात भरून पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही.

साऱ्यांची मागणी एकाच वेळी आली, की नुसती गाठ घालून भागत नाही. पाळी लावावी लागते. आणि पाळी लावायची तर काही नियम लागतो. सावडीचा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो चिखलात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतो: ज्याचे रोप आधी जून होणार, त्याचे खाचर आधी. ज्याच्या खाचरात पाणी आधी साठले, त्याचे आधी. ज्या घरी कोणी आजारी आहे, त्याचा विचार वेगळा. न भागलेली मागणी इथे लपत नाही. राबात पिवळे पडू लागलेले रोप येता-जाता साऱ्या गावाला दिसते.

सावडीचे सोने करून सांगण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याला परत घ्यायला खाचरच नाही. तो सावडीत शिरणार कुठून? ज्याच्याजवळ बैल नाहीत, त्याला औताच्या एका दिवसासाठी अंगमेहनतीचे जास्त दिवस मोजावे लागत. भांडण झालेले घर ऐन आवणीत एकटे पडे. स्मरणातली वही दयाळू असते, तशी डूख धरणारीही असते.

पण या मुलखाचा लेखी वहीचा अनुभवही काही सुखाचा नव्हता. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला कधी कळत नसे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्या बंडाचा रोख सावकारांवरही होता. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेकऱ्यांनी विशेष करून शोधले ते कर्जरोखे. कागद हाती आले की ते फाडायचे किंवा जाळायचे.

यानंतरचे १८७९ हे साल इतिहासाच्या अभ्यासकाने आठवणीत ठेवावे. त्या वर्षी दोन कायदे झाले. पहिला दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी. त्यात ऋणकोला भरलेल्या पैशांची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. दुसरा मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा. त्याने कालव्याचे पाणी हवे असेल तर अर्ज करण्याची रीत घालून दिली. शेतकऱ्याला एका कायद्याने पावती मागायला शिकवले आणि दुसऱ्याने पाणी.

भंडारदऱ्याला हा दुसरा कायदा येऊन भिडला तो धरणाच्या रूपाने. प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून ते विल्सन धरण. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत आणि तिच्यामागे सुमारे ११ हजार दशलक्ष घनफूट पाणी. ते पाणी नदीपात्रातून रंधा धबधब्यावरून खाली जाते आणि संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. खालच्या अंगाला श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडची काळी जमीन उसाने हिरवी झाली. हरेगावचा बेलापूर कारखाना, टिळकनगरचा कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला लोणीचा सहकारी कारखाना, ही सारी प्रवरेच्या पाण्याची अपत्ये.

पाणी ही वस्तू हातांसारखी नाही. ते भिंतीमागे साठवून ठेवता येते. तरी मागणीची गर्दी काही टळत नाही, कारण उन्हाळ्यात साऱ्यांचीच पिके एकदम तहानतात. मग इथेही पाळी आली. तिचे नाव शेजपाळी.

शेजपाळीची रीत अशी. हंगामाआधी पाटबंधारे खाते जाहीर करते, की इतके पाणी आहे, अर्ज करा. शेतकरी नमुना नंबर ७ भरतो: गट क्रमांक, पीक, क्षेत्र. अर्ज तपासून मंजुरी मिळते, कोणत्या चारीला किती दिवस पाणी याचा तक्ता होतो, आणि पाटकरी त्या क्रमाने दारे उघडतो. देणे आणि मागणे यांची कागदावर जुळणी करणारी ही पूर्ण यंत्रणा आहे. त्याआधी नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली ब्लॉक पद्धत याच घराण्यातली: ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, म्हणजे पाणी मोजक्या गावांत न साचता लांबपर्यंत पोचावे.

शेजपाळीचा सर्वांत शहाणा नियम पाळीच्या दिशेविषयी आहे. पाणी शेवटच्या शेताला आधी द्यायचे आणि मग क्रमाने वर सरकत कालव्याच्या मुखाकडे यायचे. कारण उघड आहे. वरच्याला हात लांबवला की पाणी मिळते. खालच्याला वरच्याच्या मर्जीवर राहावे लागते. म्हणून दुबळ्या जागेपासून सुरुवात. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या माणसाला विचारावे. पण नियम लिहिलेला असल्यामुळे निदान त्याला तक्रार करता येते. आपली पाळी बुडाली हे तो तक्त्यावर बोट ठेवून दाखवू शकतो.

हेच तत्त्व पुढे नदीभर लांबले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला गेला आणि नगर-नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठी पाणी सुटू लागले. शेवटाला आधी, हे चारीवर मान्य करणाऱ्यांनाही खोऱ्याच्या पातळीवर ते कडू लागले. मोर्चे निघाले, दावे लागले.

या साऱ्या जुळणीत एक जागा मात्र कोरी राहिली. नमुना नंबर ७ मध्ये जमिनीचा गट क्रमांक लिहावा लागतो, आणि ती जमीन कालव्याच्या लाभक्षेत्रात असावी लागते. ज्या डोंगरावर हा पाऊस पडतो, तिथल्या घाटघर-रतनवाडीच्या शेताला कालवा नाही, कारण कालवा चढ चढत नाही. पावसाळ्यात मुसळधार आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. ही मागणी फेटाळली गेली असे म्हणता येत नाही. अर्जात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आता १९७३. याच वर्षी जगाच्या दोन टोकांना मागणीची नोंद ठेवण्याचे दोन प्रयोग चालू होते.

पहिला अमेरिकेतल्या बर्कली शहरात. ८ ऑगस्ट १९७३ रोजी लिओपोल्ड्स नावाच्या ग्रामोफोन तबकड्यांच्या दुकानात जिन्याच्या माथ्यावर एक टंकयंत्र ठेवण्यात आले. फोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. कोणीही यावे आणि टंकावे: काय हवे, काय देऊ शकतो. नाव होते 'कम्युनिटी मेमरी', म्हणजे समाजाची आठवण. ली फेल्सेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही व्यवस्था सर्वसामान्यांसाठी खुल्या ऑनलाइन फलकांची आद्य पूर्वज मानली जाते. संगीतकारांनी तिथे साथीदार शोधले. कोणीतरी विचारले, चांगला बेगल, म्हणजे तिकडचा कडीसारखा पाव, कुठे मिळेल? एका उत्तरात फोन क्रमांक आला: पूर्वी बेगल बनवणारा एक गृहस्थ तो बनवायला शिकवील. विकत घेण्याच्या मागणीला शिकवण्याचे देणे जुळले. असे जुळेल, हे यंत्र मांडणाऱ्यांच्याही मनात आले नसेल.

दुसरा प्रयोग महाराष्ट्रात. १९७२ च्या दुष्काळाने खेडी ओस पडू लागली होती. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध आणि खडी, खडी, खडी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना या संकटात राज्याची योजना झाली. पुढे १९७७ चा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ही रोजगार हमी.

हमी हा शब्द इथे सैलपणाने वापरलेला नाही. मजुराने काम मागायचे. पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. मोंतेनच्या वडिलांच्या कल्पनेतली कचेरी गरज लिहून घेणार होती, पण देणारा मिळाला नाही तर तिचे काही बिघडणार नव्हते. इथे न जुळलेल्या मागणीचा भार सरकारवर आला. मागणी नोंदली गेली, की ती नुसती इच्छा उरत नव्हती. तिच्यावर तारीख पडत होती. म्हणून नमुना ४ भरून काम मागितल्यावर हाती पडणारी तारखेची पोच ही या साऱ्या कायद्याची किल्ली. तीच ती पावती, १८७९ मध्ये कर्जदाराला मिळालेली.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने ही कल्पना देशभर नेली आणि पुढे तिची वही ऑनलाइन झाली. मस्टर पडद्यावर आले, मजुरी थेट खात्यात जाऊ लागली. मुकादमाच्या हातातल्या वहीपेक्षा हे कितीतरी बरे. पण एक फट राहिली आणि अभ्यासकांनी ती देशात अनेक ठिकाणी दाखवून दिली. मागणीची नोंद मजूर स्वतः करत नाही. यंत्रापाशी बसलेला माणूस करतो. काम मंजूर होईपर्यंत त्याने मागणी भरलीच नाही, तर पंधरा दिवसांचे घड्याळ चालूच होत नाही. मग पडद्यावर मागणी आणि पुरवठा सुरेख जुळलेले दिसतात. ज्याने जानेवारीत काम मागितले आणि फेब्रुवारीत कंटाळून घोटीला किंवा नारायणगावला मजुरीसाठी निघून गेला, तो कुठेच दिसत नाही.

याच अकोले तालुक्यात एक जुळणी मात्र पडद्यावाचून आणि अर्जावाचून फळली. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, नागली, भाज्या यांची देशी वाणे घरात जपून बियाण्यांची बँक उभी केली. मागेल त्याला बी द्यायचे. पीक आल्यावर त्याने दुप्पट परत करायचे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी ही वस्तू हातांसारखी नासत नाही आणि पाण्यासारखी आटत नाही. ती साठवता येते, वर वाढतेही. म्हणून इथे पाळीचा तंटा नाही. मागणी वाढली की पुढच्या वर्षीचा साठाही वाढतो. साऱ्याच गोष्टी बियाण्यासारख्या असत्या तर या लेखाचे कारण उरले नसते.

जुलै महिना. काजवे केव्हाच संपले आहेत आणि आता गर्दी धबधब्यांसाठी आहे. पाऊस लागून राहिला आहे, राबातले रोप उपटायला आले आहे, आणि तंबूवाल्या तरुणाचा शनिवार पुन्हा भरलेला आहे.

"शनवारी आपली सावड फेडायचीय," अशा घरातली आजी सांगते. "गेल्या मंगळवारी त्यांची चार माणसं आपल्यात राबून गेली."

"आजी, शनवारी कसं जमंल? पाहुणे आहेत. मी चौघांची मजुरी देतो की."

"मजुरी घेऊन ते माणसं कुठून आणत्याल? मजुरीवाले समदे तुझ्याच पाहुण्यांच्या चुलीपाशी."

तरुणाचे म्हणणे खोटे नाही. तंबूच्या एका शनिवारी येणारा पैसा आवणीच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याच पैशांवर घरातल्या मुलीचे राजूरच्या किंवा अकोल्याच्या कॉलेजात शिक्षण चालते. ज्याने पिढ्यानपिढ्या फक्त पाऊस पाहिला, त्याने शहरातून येणारा पैसा नाकारावा असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. आजीचेही खोटे नाही. सावडीतला दिवस पैशांत फेडला, की पुढच्या वर्षी समोरचाही पैशांत फेडतो. मग ज्या घरी तंबू नाही, रोकड नाही आणि एकटी म्हातारी आहे, तिच्या खाचरात कोण उतरणार?

गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे आता निरोप पडतात: उद्या आवणी आहे, कोण कोण येणार? खाली अंगठे उमटतात. सावडीची ही नवी वही तशी वाईट नाही. घाटघरहून रतनवाडीपर्यंत चिखल तुडवत निरोप द्यायला जावे लागत नाही. पण पाळी तिथे ठरत नाही. अंगठा उमटवणाऱ्याला फोन हवा, आणि जुलैच्या ढगांत रेंजही हवी. ज्या म्हातारीजवळ दोन्ही नाहीत, तिच्या नावाचा निरोप दुसऱ्या कोणीतरी टाकावा लागतो.

तो टाकतो बहुधा तिच्या बांधावरून जाणारा शेजारी. रोप पिवळे पडलेले त्याने पाहिलेले असते.